काष्ठमंदिरे आणि त्यांचे राखणदार
(नॉर्वेतील मध्ययुगीन लाकडी चर्चे या विषयावरील व्याख्यानाची संहिता)



देवालयाच्या आयुष्याचा विचार करताना मनात प्रथम येतो तो पाषाण. दगडाचे ते चिरकाल टिकणारे आणि लाकडाचे ते दोन-चार पिढ्यांचे सोबती, असा समज पूर्वापार रूढ आहे आणि तो अगदीच निराधार आहे असेही नाही. पाऊस, कीड, आग आणि काळ या चौघांपुढे लाकूड फार दिवस तग धरीत नाही. म्हणूनच उत्तर युरोपातल्या नॉर्वे देशात आठशे-नऊशे वर्षांपूर्वी उभारलेली लाकडी चर्चे आजही उभी आहेत, हे ऐकणाऱ्यास प्रथम नवल वाटते. नवल ओसरले की दोन प्रश्न उरतात. ही देवळे टिकली ती कशामुळे? आणि मध्ययुगात अशी हजाराहून अधिक देवळे त्या देशात असताना आज त्यांतली केवळ २८ का उरली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुताराच्या शहाणपणात आहे. दुसऱ्याचे उत्तर ज्यांनी ती सांभाळली आणि ज्यांनी ती पाडली, त्या माणसांच्या इतिहासात आहे. ज्यांच्या कुळांवर पिढ्यान्‌पिढ्या देवालय राखण्याचा भार आहे, त्यांना ही दोन्ही उत्तरे ऐकण्यासारखी वाटतील.

नॉर्वे हा डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या सांदीत वसलेला देश. समुद्राच्या लांबच लांब चिंचोळ्या खाड्या डोंगरांत खोल शिरल्या आहेत. त्यांना तिकडे फियोर्ड म्हणतात. शेतीची जमीन थोडी, वस्ती विरळ, हिवाळा दीर्घ आणि पश्चिम किनाऱ्यावर पाऊस भरपूर. अरण्य मात्र अफाट. तेथल्या माणसाचे घर लाकडाचे, कोठार लाकडाचे आणि ज्या जहाजांनी व्हायकिंग दर्यावर्दी दूरदूरच्या किनाऱ्यांवर पोहोचले, ती जहाजेही लाकडाचीच. अकराव्या शतकात त्या देशात ख्रिस्ती धर्म स्थिरावला. इ. स. १०३० मध्ये रणांगणावर पडलेला राजा ओलाफ हा पुढे देशाचा संत मानला गेला, आणि खोऱ्याखोऱ्यांतून चर्चे उभी राहू लागली. दगडी चर्चे बांधणारे कारागीर आणि द्रव्य मोठ्या ठिकाणी मिळे. खेडोपाडी मात्र जे हाताशी होते त्यातूनच देवाचे घर उभे करणे भाग होते. हाताशी होता चीड वर्गातला पाइन वृक्ष, आणि जहाजबांधणीत मुरलेला सुताराचा हात.

या चर्चांना नॉर्वेच्या भाषेत ‘स्टाव्हकिर्के’ म्हणतात. ‘स्टाव्ह’ म्हणजे खांब आणि ‘किर्के’ म्हणजे चर्च. म्हणून त्यांना ‘स्तंभमंदिरे’ म्हटले तरी चालेल. नावातच रचनेचे मर्म आहे. त्या देशातली पुष्कळ घरे आडव्या ओंडक्यांची चळत रचून बांधलेली असत. स्टाव्हकिर्केमध्ये लाकूड उभे असते. कोपऱ्यांवर जाड उभे खांब, त्यांच्यामध्ये उभ्या फळ्या, खाली पायाच्या तुळया आणि वर भिंतीच्या माथ्यावरच्या तुळया, अशी ती एक भक्कम चौकट असते. प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खोबण. एकीची जीभ दुसरीच्या खोबणीत बसते, आणि फळ्यांची खालची टोके पायाच्या तुळईतल्या लांब खाचेत उतरतात. जोडकामात मुख्य भिस्त लाकडी खुंट्यांवर आणि कूस-खोबणीवर असते. लोखंडी खिळा लाकडाला घट्ट जखडून ठेवतो; पण लाकूड ओल्या हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. खुंटीचा जोड त्याच्याबरोबर थोडा हलतो, आणि त्या हलण्यातच त्याचे आयुष्य असते.

मात्र ही रचना एका दिवसात सुचलेली नाही. उर्नेस, लोम आदी ठिकाणी आजच्या चर्चांच्या जमिनीखाली उत्खनन झाले, तेव्हा तेथे त्याहूनही जुन्या लाकडी चर्चांच्या खांबांचे खड्डे सापडले. त्या आद्य सुतारांनी खांब सरळ जमिनीत पुरले होते. मातीत पुरलेल्या लाकडाला खालून ओल मिळते, वरून हवा मिळते, आणि जमिनीच्या पातळीशी ते कुजू लागते. देऊळ वर धडधाकट दिसत असताना त्याचे पाय गळून गेलेले असत. नंतरच्या पिढीने या अनुभवातून धडा घेतला. तिने आधी दगडांचे जोते रचले, त्यावर पायाच्या तुळया आडव्या ठेवल्या आणि खांब त्या तुळयांवर उभे केले. लाकूड आणि माती यांची गाठच पडू द्यायची नाही, एवढी साधी युक्ती ती. कोपऱ्यात जेथे दोन तुळया एकमेकींना छेदतात, तेथे खांबाचा पाय असा खाचला की तो त्या जोडावर टोपीसारखा बसावा आणि पावसाचे पाणी तुळयांच्या उघड्या टोकांत मुरू नये. आज उभ्या असलेल्या २८ चर्चांपैकी एकाचेही खांब जमिनीत पुरलेले नाहीत. पुरलेल्या खांबांची सारी नाहीशी झाली.

मोठ्या चर्चांची मांडणी यापेक्षा गुंतागुंतीची असे. चार जाडजूड तुळया एकमेकींना छेदून जमिनीवर चौकट मांडीत. त्यांची टोके चौकटीबाहेर निघालेली असत. आतल्या चौकटीवर उंच खांब उभे राहून मधला उंच मंडप पेलीत, आणि बाहेर निघालेल्या टोकांवर बाहेरच्या बुटक्या भिंतींचा भार येई. उंच खांब एकमेकांना फुलीच्या आकाराच्या आडण्यांनी आणि वक्र कमानींनी बांधलेले असत. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात बसणारे वाकडे आधार सरळ लाकडातून कापीत नसत. झाडाचे खोड जेथे मुळाकडे वळते, त्या नैसर्गिक बाकाचा तुकडा निवडून ते करीत, म्हणजे लाकडाचा तंतू वळणाबरोबर अखंड राही. जहाजाच्या सांगाड्यातही हीच युक्ती असते. डोंगरातून सुटलेला वारा असल्या चर्चावर आदळला म्हणजे ते किंचित डोलते, कुरकुरते आणि पुन्हा स्वस्थ होते.

बाहेरून दिसते ते छपरावर छप्पर. पश्चिम नॉर्वेच्या लेर्दाल खोऱ्यात बोरगुंड येथे जे चर्च आहे, ते यांतले सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या लाकडांवरील वार्षिक वलये मोजून संशोधकांनी ठरविले आहे की त्याची झाडे ११८० - ८१ च्या हिवाळ्यात तोडली गेली. त्याची छपरे एकावर एक अशी चढत जातात आणि आपल्याकडच्या शिखराप्रमाणे दृष्टी वर वर नेतात. उतार अतिशय तीव्र, म्हणजे बर्फ साचून राहू नये. छपरावर कौलांच्या ऐवजी माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकांवर चढविलेल्या लहान लाकडी फळकुट्या. खालच्या बाजूस सभोवार एक झाकलेला अरुंद सोपा. त्याला प्रदक्षिणामार्गाची उपमा सहज सुचते. या सोप्यामुळे पावसाचा मारा मुख्य भिंतीच्या पायापर्यंत येत नाही. पायाची तुळई हाच अशा देवळाचा प्राण. ती कोरडी राहिली तर वरचे सारे राहते.

आणि छपरांच्या कण्यावर, क्रुसांच्या सोबतीने, डोके उगारून बसलेले ड्रॅगन! आपल्या मंदिरांवरील व्याल आणि कीर्तिमुखे पाहिलेल्या माणसाला ते परके वाटणार नाहीत. नव्या धर्माचे देऊळ बांधताना त्या कारागिरांनी आपली जुनी कोरीव विद्या टाकून दिली नाही. हिलेस्टाड येथील चर्चाच्या दारावर तर जुन्या उत्तरकथांतील वीर सिगुर्ड अजगररूपी राक्षस फाफ्निरला मारताना कोरला आहे. ते चर्च सतराव्या शतकातच पाडले गेले. दार मात्र वाचले आणि आज ऑस्लोच्या संग्रहालयात आहे.

जुने जपण्याचे याहूनही बोलके उदाहरण उर्नेस येथे दिसते. फियोर्डच्या पाण्यावर झेपावलेल्या एका उंच भूशिरावर हे चर्च उभे आहे. ते ११३० च्या दशकात बांधले गेले, आणि आज ते या कुळातल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी एक गणले जाते. १९७९ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्याच्या उत्तरेकडील भिंतीत एक कोरीव दार बसविलेले आहे. चिंचोळे, लवचिक प्राणी एकमेकांत गुंतलेले आणि एक चतुष्पाद सर्पाचा चावा घेणारा, असे ते कोरीवकाम इतके असामान्य आहे की उत्तरेच्या कलेतील त्या काळच्या सबंध शैलीस ‘उर्नेस शैली’ हेच नाव पडले. पण हे दार ११३० च्या दशकातले नाही. ते त्याच जागी असलेल्या, सुमारे १०७० च्या, आधीच्या चर्चाचे आहे. नवे देऊळ बांधणाऱ्यांनी जुने उतरविले. परंतु ज्या हाताने ते दार कोरले होते त्या हाताचा मान ठेवून ते नव्या भिंतीत सन्मानाने बसविले. जीर्णोद्धार कसा करावा, याचा हा साडेआठशे वर्षांहून जुना दाखला आहे.

आता प्रश्न राहतो लाकडाच्या निवडीचा आणि राखणीचा. सुतार सावकाश वाढलेल्या जुन्या पाइनचा गाभा वापरीत. थंड प्रदेशात झाड हळूहळू वाढते, वलये दाट बसतात आणि गाभ्यात राळ मुरते; असे लाकूड सहजी कुजत नाही. तिकडे वाळवी नाही ही गोष्ट खरी, पण बुरशी आहे, ओल आहे, आणि उन्हाने तडकणेही आहे. म्हणून बाहेरच्या लाकडावर डांबर चढवीत. हे डांबर रस्त्यावरचे नव्हे. पाइनची राळयुक्त मुळे व खोडाचे बुंधे फोडून ते उतरत्या जमिनीवर रचीत, वरून मातीने झाकीत आणि आत मंद विस्तव धुमसत ठेवीत. हवा बेताची मिळाल्याने लाकूड भडकून पेटत नाही; त्यातली राळ वितळून दाट काळसर रसाच्या रूपाने खालच्या तोंडातून गळू लागते. हा रस ऊन करून भिंती-छपरांवर चोपडला की पाणी वरच्यावर निथळते. एकदा चोपडून मात्र भागत नाही. ऊन-पावसाने तो थर झिजतो. दक्षिणेकडची, उन्हाची बाजू लवकर झिजते. म्हणून काही वर्षांनी पुन्हा, आणि मग पुन्हा, अशी ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालवावी लागते. सतराव्या शतकातील चर्चांच्या हिशेबवह्यांत डांबराच्या खर्चाच्या नोंदी आढळतात. बोरगुंडच्या काळ्याभोर भिंतींचा रंग म्हणजे या साऱ्या नोंदींची बेरीजच होय.

ही सेवा कोणी करावयाची, हेही त्या लोकांनी ठरवून ठेवले होते. पश्चिम नॉर्वेचा गुलातिंग नावाचा जुना प्रांतिक कायदा प्रसिद्ध आहे. चर्च बांधणे व राखणे हे त्या त्या भागातल्या शेतकऱ्यांचे कर्तव्य मानले जाई. चर्च कोसळून त्याचे कोपऱ्याचे खांब मोडले, तर बारा महिने उलटण्यापूर्वी नवे लाकूड चर्चाच्या जागेवर आलेच पाहिजे, न आले तर दंड, अशी त्या कायद्यात तरतूद होती. येथे कायदा ‘भिंत’ किंवा ‘छप्पर’ म्हणत नाही; तो ‘कोपऱ्याचे खांब’ म्हणतो. देऊळ म्हणजे काय आणि ते कशावर उभे असते, हे त्या शेतकऱ्यांना अचूक ठाऊक होते.

मग अशा जपलेल्या देवळांचा ऱ्हास कसा झाला? पहिला घाव प्लेगने घातला. १३४९-५० च्या महामारीत नॉर्वेतील फार मोठी लोकसंख्या नाहीशी झाली. गावेच्या गावे ओस पडली आणि नवी स्टाव्हकिर्के बांधण्याची परंपरा बहुतांशी थांबली. दूरच्या खोऱ्यांतली कित्येक चर्चे भक्तांवाचून उभ्या उभ्या झिजली. १५३७ मध्ये धर्मसुधारणा आली. उपासनेची पद्धत बदलली. पूर्वी लोक उभे राहून पूजाविधी पाहत; आता प्रवचन बसून ऐकावयाचे, म्हणून बाके आली, व्यासपीठ आले आणि वाचावयास उजेड हवा म्हणून फळ्यांच्या भिंतींत खिडक्या पाडल्या गेल्या. पुढे युद्धाच्या कर्जाने बेजार झालेल्या डेन्मार्क-नॉर्वेच्या चौथ्या फ्रेडरिक राजाने १७२० च्या दशकात चर्चे खासगी मालकांना विकली. मालकास उत्पन्न हवे असे. दुरुस्तीचा खर्च अनेकांना जड वाटे.

तरीही निर्णायक घाव घातला तो एका सद्‌हेतूने केलेल्या कायद्याने. एकोणिसाव्या शतकात लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि जुनी चर्चे अपुरी पडू लागली. १८५१ च्या कायद्याने असे ठरविले की चर्चमध्ये त्या भागातील लोकसंख्येचा तीन-दशांश हिस्सा मावला पाहिजे. मध्ययुगीन चर्चे लहान, काळोखी आणि थंड होती. त्यांत एवढी माणसे मावणे शक्यच नव्हते. गावकऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांना उपासनेसाठी जागा हवी होती, हिवाळ्यात ऊब हवी होती, आणि पदरी पैसा बेताचा होता. जुन्या लाकडांचा लिलाव केला तर नव्या बांधकामास तेवढाच हातभार लागे. अशा रीतीने एकामागून एक चर्च उतरविले गेले. ऑल येथील चर्च १८८० मध्ये पाडले गेले. त्याच्या गर्भगृहावरील चित्रांकित लाकडी छत तेवढे ऑस्लोच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. ज्यांनी ती पाडली ते अश्रद्ध नव्हते. त्यांनी ती पाडली ती देवाचे घर अधिक मोठे व्हावे म्हणून. इतिहासातली ही सर्वांत क्लेशदायक गोष्ट आहे, आणि ती केवळ नॉर्वेपुरती नाही.

या पडझडीत ज्याने प्रथम आवाज उठविला तो एक चित्रकार होता. योहान क्रिश्चियन डाल हा नॉर्वेचा नामवंत निसर्गचित्रकार जर्मनीत ड्रेस्डेन येथे राहत असे. मायदेशाच्या प्रवासात त्याने ही चर्चे पाहिली आणि १८३७ मध्ये त्यांच्यावर जर्मन भाषेत एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील आराखडे व चित्रे शिएर्ट्‌झ या तरुण जर्मन कलावंताने काढली होती. आपल्या अंगणातल्या वस्तूचे मोल परक्यांच्या भाषेत छापून आल्यावरच स्वदेशी ध्यानात यावे, हा अनुभव नॉर्वेलाही आला.

पुढे व्हांग या गावी जुने चर्च पाडण्याचे ठरले. ते जागेवरच राहावे म्हणून डालने खटपट केली. ती विफल झाली. तेव्हा १८४१ मध्ये प्रशियाच्या चौथ्या फ्रेडरिक विल्यम राजासाठी त्याने ते लिलावात विकत घेतले. शिएर्ट्‌झच्या देखरेखीखाली ते सुटे झाले, समुद्रमार्गे जर्मनीत गेले आणि शेवटी सिलेशियाच्या डोंगरात उभे राहून १८४४ मध्ये उपासनेस खुले झाले. ती भूमी आज पोलंडमध्ये आहे, आणि कार्पाच गावातले ते चर्च आजही वापरात आहे. देऊळ वाचले; पण वाटेत पुष्कळ जुनी लाकडे गमावली, पुष्कळ नवी घातली गेली, आणि मुख्य म्हणजे ज्या खोऱ्यातल्या माणसांनी ते शतकानुशतके राखले त्यांच्यापासून ते तुटले.

त्याच १८४४ साली, डालच्या प्रेरणेने, नॉर्वेत प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी एक मंडळ स्थापन झाले. सरकारी सत्ता त्याच्या हाती नव्हती. सभासदांची वर्गणी आणि चिकाटी एवढेच भांडवल. या मंडळाने दोन मार्ग धरले. जी चर्चे वाचविणे शक्य नव्हते, त्यांची पाडण्यापूर्वी मापे घेऊन चित्रे काढून ठेवली. जी शक्य होती, ती विकत घेतली. बोरगुंडच्या गावकऱ्यांनी १८६८ मध्ये जुन्या चर्चाच्या शेजारी नवे चर्च बांधले आणि जुने पाडले नाही. १८७७ मध्ये मंडळाने ते आपल्या ताब्यात घेतले. उर्नेसचे चर्चही १८८१ मध्ये मंडळाकडे आले. होप्परस्टाड येथील चर्च तर पार मोडकळीस आले होते. पेटर ब्लिक्स या वास्तुविशारदाने १८८० च्या दशकात त्याच्या जीर्णोद्धारास हात घातला. गोल गावचे चर्च मंडळाने विकत घेतले. राजा दुसरा ऑस्कर याने खर्च उचलला, आणि १८८४-८५ मध्ये ते ऑस्लोजवळच्या बिग्दोय येथे पुन्हा उभे राहिले.

दुसरा एक मार्ग याच्याही आधी काही गावांनी आपल्या बुद्धीने शोधला होता. लोम येथील चर्च बाराव्या शतकातले. लोकसंख्या वाढली तेव्हा, सतराव्या शतकात, त्यांनी ते पाडले नाही. वेर्नेर ओल्सेन या कसबी बांधकाम करणाऱ्याकडून त्याला बाजूंनी जोड देऊन क्रुसाच्या आकारात वाढवून घेतले. मधला जुना सांगाडा तसाच राहिला. आजही ते त्या गावचे नित्य वापरातले चर्च आहे. वाढविले म्हणून ते वाचले.

परंतु जीर्णोद्धार केला म्हणजे सारे साधले, असेही नाही. हेडाल येथील चर्च हे सर्व स्टाव्हकिर्केंमध्ये सर्वांत मोठे. १८४९ ते १८५१ या काळात नेबेलोंग या वास्तुविशारदाने त्याचा जीर्णोद्धार केला. हेतू उत्तम होता, द्रव्य खर्ची पडले, उत्साहही कमी नव्हता. मात्र मध्ययुगीन चर्च आतून कसे असे, याचे पुरेसे ज्ञान त्या वेळी कोणालाच नव्हते. परिणामी आतला भाग त्या काळच्या रुचीप्रमाणे सजला. शंभर वर्षांनी, १९५२ ते १९५४ मध्ये, त्यातले बरेचसे काम उतरवून पुन्हा नव्याने जीर्णोद्धार करावा लागला. जीर्णोद्धाराचाही जीर्णोद्धार करण्याची वेळ यावी, यातला बोध स्पष्ट आहे. उपेक्षेने देऊळ हळूहळू जाते. अपुऱ्या ज्ञानाचा उत्साह ते एका मोसमात बदलून टाकतो.

याच्या उलट ओये गावची हकीकत आहे. तेथले चर्च १७४७ मध्ये पाडून नवे बांधले गेले. पाडणाऱ्यांनी जुनी लाकडे जाळली नाहीत. नव्या चर्चाच्या जमिनीखाली रचून ठेवली. १९३५ मध्ये दुरुस्तीच्या वेळी ती सापडली. खांब, तुळया, फळ्या ओळखून जुळविण्यात आल्या आणि १९६५ मध्ये ते चिमुकले चर्च पुन्हा उभे राहिले. दोन शतकांपूर्वीच्या कोणा अनाम माणसाला ती लाकडे फेकून द्यावीशी वाटली नाहीत, एवढ्याच पुण्याईवर आजच्या २८ मध्ये एकाची भर पडली आहे.

आणि एक उणे झाले ती घटना फार जुनी नाही. सोग्न प्रांतातल्या फोर्टुन गावचे सुमारे ११५० चे चर्च १८८३ मध्ये बर्गनजवळच्या फानटोफ्ट येथे हलवून वाचविण्यात आले होते. ६ जून १९९२ च्या पहाटे ते जाणूनबुजून लावलेल्या आगीत भस्मसात झाले. त्या सुमारास त्या देशात चर्चे जाळण्याचे अनेक प्रकार घडले. पुढल्या काही वर्षांत कारागिरांनी फानटोफ्टचे चर्च पुन्हा हुबेहूब बांधले. १९९७ मध्ये ते पूर्ण झाले. ते सुंदर आहे. त्याचे सुतारकामही अस्सल जुन्या पद्धतीचे आहे. तथापि मध्ययुगीन चर्चांच्या गणनेत त्याचे नाव नाही. आठशे वर्षे कोणी कोणी त्या भिंतीला हात लावला, डांबर चोपडले, तिच्याशी उभे राहून प्रार्थना केली, ते सारे त्या पहाटे गेले. आराखड्यावरून ते परत आणता येत नाही.

त्यानंतर राखणीकडे अधिक कसोशीने लक्ष दिले गेले. अग्निसूचक व अग्निशामक यंत्रणांची तजवीज झाली. २००१ ते २०१५ या काळात नॉर्वेच्या सरकारी वारसा खात्याने सर्व २८ चर्चांच्या दुरुस्तीचा एक व्यापक कार्यक्रम राबविला. त्याचे तत्त्व असे की कुजलेला तेवढाच भाग काढावा, धडधाकट जुने लाकूड हलवू नये, आणि घालावयाचा तुकडा त्याच जातीच्या, तशाच सावकाश वाढलेल्या झाडाचा असावा. असे तत्त्व पाळायचे म्हणजे जुनी विद्याही पुन्हा शिकावी लागते. झाड उभे असतानाच पारखावे कसे, कुऱ्हाडीने फळी ताशीव कशी करावी, डांबराची भट्टी कशी लावावी, हे कारागिरांनी नव्याने आत्मसात केले. लाकूड राखायचे तर सुताराचे कसबही राखावे लागते. एकावाचून दुसरे टिकत नाही.

महाजनहो, हा सारा इतिहास परक्या देशाचा आणि परक्या धर्माचा आहे. पण ज्यांच्या माथी देवालयाचे दायित्व असते, त्यांच्यापुढचे प्रश्न सर्वत्र सारखेच असतात. उत्सवाच्या दिवशी सभामंडप अपुरा पडू लागला म्हणजे जुने खांब काढून टाकण्याची सूचना बैठकीत येते, आणि सूचना करणारा मनुष्यही भाविकच असतो. तेव्हा नॉर्वेची उदाहरणे डोळ्यांपुढे असावीत. लोमने जुन्याला जोड दिली. बोरगुंडने नवे शेजारी बांधले. उर्नेसच्या पूर्वजांनी जुने दार नव्या भिंतीत बसविले. ओयेच्या माणसांनी निदान लाकडे तरी जपून ठेवली. ज्यांनी यांतले काहीच केले नाही, त्यांच्या चर्चांची नावे तेवढी कागदोपत्री उरली. काही उतरवावेच लागले तर आधी त्याची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, कोणते खांब कोठे होते याची नोंद देवस्थानच्या दप्तरात ठेवावी. कारण आजचा निर्णय चुकीचा ठरला तर उद्याच्या पिढीस तो दुरुस्त करण्याची वाट तेवढ्यानेच मोकळी राहते.

नॉर्वेत हे काम आजही संपलेले नाही. उन्हाळा आला की कोठल्या ना कोठल्या खोऱ्यात माणसे दोरखंड बांधून त्या तीव्र उताराच्या छपरांवर चढतात, ऊन केलेल्या डांबराची भांडी वर जातात आणि भिंती पुन्हा काळ्याभोर होतात. काही वर्षांनी तो थर झिजेल आणि पुन्हा कोणाला तरी चढावे लागेल, हे त्यांना माहीत असते. कोपऱ्याच्या खांबासाठी बारा महिन्यांची मुदत घालून देणाऱ्या त्या जुन्या शेतकऱ्यांनीही देऊळ एकदाच बांधून होते असे कधी मानले नव्हते.